चार चाळीसला दाराशी उभा असलेला माणूस

माझी सही सुंदर आहे. असं ऑफिसातले लोक म्हणतात, आणि बरेच दिवस कुणी म्हटलं नाही तर मी विषय तिकडे वळवतो. आमच्या आज्याने आयुष्यभर अंगठा उमटवला. म्हणून माझ्या वडिलांनी मी सहावीत असताना मला एका जुन्या वहीत पानंच्या पानं सही गिरवायला लावली. "कागद आला की वाचायचा आणि मग सही करायची," असं ते सांगायचे. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढल्यावर त्यातलं वाचायचं कधी गळून पडलं ते मला कळलं नाही. सही तेवढी राहिली. तारीखही मी टाकत नाही. तारीख नंतर कुणीतरी टाकतं, अशी आमच्या खात्याची रीत आहे.

नागपूरहून लखनौला बदली झाली तेव्हा वाटलं होतं, तीन वर्षांत परत जाऊ. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. लग्न मात्र नागपूरच्या घरात झालं. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तिला कौतुकाने आणि थोड्या तक्रारीने "आमची लखनौवाली" म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम दोन्ही घरांना मान्य होता. आम्ही बौद्ध झालो तेव्हा पुष्कळ रीतीभाती सोडल्या, ही एक सोडायची राहून गेली. सातव्या महिन्यात ती गोमती नगरच्या आमच्या फ्लॅटवर आली. जावई त्याच्या बँकेच्या ऑडिटमध्ये नागपुरात अडकला. त्यामुळे दवाखान्याच्या सगळ्या कागदांवर सही करायचा मान आपोआप माझ्याकडे आला. मला ते आवडलं होतं, हे कबूल करतो.

जानेवारीतल्या त्या दिवशी धुकं असं होतं की बाल्कनीतून खालची पार्किंग दिसत नव्हती. सकाळी अकराला आम्ही मुलीला नर्सिंग होममध्ये नेलं. घरापासून ई-रिक्षाने दहा मिनिटांवर, तीन मजली, खाली औषधांचं दुकान. काउंटरवरच्या मुलीने पाचसहा छापील फॉर्म माझ्यासमोर सरकवले. "अंकल, यहाँ, यहाँ और यहाँ." मधल्या जागा रिकाम्या होत्या. मी यहाँ, यहाँ आणि यहाँ सह्या केल्या. शेवटच्या सहीखालची रेघ जरा लांबच ओढली, कारण काउंटरची मुलगी बघत होती.

तेवढ्यात डॉक्टरबाई तिथून जाताना थांबल्या. "तो अंकल, नॉर्मल ट्राई करें?"

मी म्हणालो, "हाँ हाँ मैडम, नॉर्मल ही कीजिए. हमारे घर में सब नॉर्मल ही पैदा हुए हैं, बिगड़े बाद में हैं."

सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या. सकाळचं काम झालं अशा समाधानात मी चहा प्यायला गेलो.

मुलीला सातव्या महिन्यात साखर निघाली होती आणि शेवटच्या सोनोग्राफीत बाळ वजनाने मोठं दिसत होतं. अशा वेळी डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकू शकतो, म्हणून धोका आधी समजावून सांगायचा असतो, ही सगळी विद्या मला पुढच्या काही महिन्यांत मिळाली. त्या दिवशी मला फक्त विनोद येत होता.

दुपारी दोनला मी चारबाग स्टेशनवर गेलो, कारण विहीणबाई नागपूरहून येत होत्या. धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा होती, आणि तो उशीर हप्त्याहप्त्याने कळत गेला. मी फलाटावरच बसून राहिलो. समोरचा फलाट दिसत नव्हता. तिथून कुली यायचे ते आधी डोक्यावरची बॅग आणि मग माणूस असे दिसायचे. सव्वापाचला बायकोचा फोन आला.

"मुलगी झाली."

"अरे वा!"

"अहो, ती रडलीच नाही. पुष्कळ वेळ. मी खाली बाकावर बसले होते, वर जाऊ देत नव्हते. रडायची वाट बघत होते आणि वर काही आवाजच नाही."

"मग?"

"मग रडली." आणि तिने फोन ठेवला. रडली, तर मग हिचा आवाज असा का, हे मी अनाउन्समेंटच्या गोंगाटात विचारायचं विसरलो.

हाताचं पहिल्यांदा लक्षात आलं ते विहीणबाईंच्या. दुसऱ्या दिवशी दुपटं बदलताना त्यांनी मला बोलावलं. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. "इवाईबुवा, इकडे या बरं. हे पाहा." आणि त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाटी आपटली. बाळ दचकलं. डावा हात बोटं पसरून वर उडाला. उजवा जागचा हलला नाही. तो तिच्या शेजारी सरळ पडून होता, तळवा मागे वळवलेला, मनगट मुडपलेलं. जणू तो आवाज त्या हाताने ऐकलाच नव्हता.

विहीणबाईंनी पुन्हा वाटी आपटली. पुन्हा एकच हात उडाला.

"बस करा हो," बायको म्हणाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाथ थोड़ा सुस्त है. पंद्रह दिन में खेलने लगेगा." मला तेवढं पुरे होतं. खोलीतलं वातावरण हलकं करायचं म्हणून मी म्हणालो, "ही सरकारी नोकरीत जाणार बघा. आत्तापासूनच हात मागे करून घेतेय." बायको हसली, विहीणबाईही हसल्या. मुलीने बाळाला उचलून कूस बदलली.

पंधरा दिवसांत हात खेळला नाही. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बाळाला तपासलं आणि सरळ सांगितलं की जन्माच्या वेळी मान एका बाजूला ओढली गेली आहे आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आहेत. पुष्कळ मुलांचा हात पुढे सुधारतो, काहींचा पूर्ण नाही. तीन महिन्यांत कोपर वाकतं का ते बघायचं, नाही वाकलं तर नसांच्या सर्जनला दाखवायचं. मग त्यांनी विचारलं, "लेबर रूम के काग़ज़ कहाँ हैं? कंधा फँसा था क्या, कितनी देर, क्या किया, सब लिखा होगा."

आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर हात हा शब्दच नव्हता. आई आणि बाळ दोघंही ठीक, एवढंच. सगळ्या नोंदींच्या प्रती मागण्याचा रुग्णाला हक्क असतो, लेखी अर्ज केला की तीन दिवसांत द्याव्या लागतात. मी अर्ज सुंदर लिहिला. तिसऱ्या खेपेला प्रती मिळाल्या.

घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही त्या पसरल्या. वेळा ओळीने लिहिलेल्या होत्या. बारा वीस, एक पाच, दोन चाळीस. एकच अक्षर, एकच निळी शाई, सगळ्या ओळींचा तिरपेपणा सारखा. पाच तास चाललेल्या कळांची नोंद कुणीतरी एका बैठकीत, पंख्याखाली बसून लिहावी तशी. मी आयुष्यभर फायली पाहिल्यात. घटना घडत असताना लिहिलेला कागद असा नीटनेटका नसतो, त्यावर खाडाखोड असते, चहाचा डाग असतो.

मग मुलीचं बोट एका ओळीवर थांबलं. इंग्रजीत होतं, तिने हळू वाचलं. चार चाळीस. बाळ मोठे असल्याने शस्त्रक्रियेचा सल्ला रुग्णाच्या वडिलांना लेबर रूमच्या दाराशी समजावून सांगितला. धोका समजावला. वडिलांनी नकार दिला. नॉर्मलचाच आग्रह धरला.

खाली माझी सही. रेघ जरा लांब ओढलेली.

"पापा, आपने मना किया था?"

"नाही गं. मी चारबागला होतो."

"साइन तो आपकी है."

"आहे माझीच."

बायकोने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "अहो, तुम्ही चारबागला होतात ना?"

विहीणबाई तेव्हा अजून आमच्याकडेच होत्या. मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघितलं. त्या स्पष्ट बोलणाऱ्या. "मी उतरली तवा तुम्ही फलाटावर होते, हे खरं. त्याच्या आधीचं मले काय माहीत, भाऊ?"

फलाटाचं तिकीट मी काढलं नव्हतं. मी कधीच काढत नाही. मी सरकारी माणूस आहे, मला कोण विचारणार, अशी माझी चाल असते. त्या दिवशीही कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे काही दिवस मी त्या माणसाचा फार विचार केला. दाराशी उभा राहिलेला, धोका समजावून घेतलेला, मान हलवून नकार दिलेला. त्याने कोणता स्वेटर घातला असेल? नकार देताना तो काय म्हणाला असेल? दाढी करताना आरशात बघून मी एकदा नकार देऊन पाहिला. "नहीं मैडम, नॉर्मल ही." चेहरा अगदी बरोबर जमला. तेव्हापासून आठवडाभर मी न बघता दाढी केली आणि हनुवटीखाली केस ठेवून ऑफिसात जात राहिलो.

प्रतींवर शिक्का नव्हता, म्हणून मला परत नर्सिंग होममध्ये जावं लागलं. शिक्का मारणारे जेवायला गेले होते. मी जिना चढून वर गेलो. त्या मजल्यावर मी कधी आलो नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. भर दुपार होती, पण कॉरिडॉरला खिडकी नसल्याने ट्यूबलाइट जळत होती. शेवटी दोन झडपांचं दार, त्यावर आत येण्यास मनाई. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. इथूनच हे दार दिसलं असतं त्याला. आतून कुणाच्या तरी कळांचा आवाज आला आणि थांबला.

एक वयस्क आया बादली घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. "अरे भैया, आप? बिटिया ठीक है?"

"आप पहचानती हैं मुझे?"

"काहे नहीं पहचानेंगे? उस दिन साँझ को यहीं तो खड़े थे. बस ऐसे ही, दीवार से लगे हुए. हमने चाय पूछी, आप बोले ही नहीं."

मी म्हणालो, "मैं नहीं था."

"आप ही थे, भैया," ती म्हणाली. तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता, हट्टही नव्हता. एखाद्याला त्याची विसरलेली छत्री परत द्यावी तसं ती बोलत होती. बादली उचलून ती गेली. माझ्या पाठीला भिंतीचा गारवा लागत होता आणि मी तिथून हललो तर तिथे कुणीतरी उभंच राहील असं मला वाटत राहिलं. शिक्का न घेताच मी खाली उतरलो. आता शांतपणे विचार केला तर वाटतं, तिला कुणीतरी पढवलं असेल, किंवा माझ्यासारखे दहा म्हातारे रोज त्या भिंतीला टेकत असतील. पण त्या दुपारी घरी येऊन मी बायकोला विचारलं, "मी त्या दिवशी घरातून कोणता स्वेटर घालून निघालो होतो?" तिने माझं कपाळ हाताने बघितलं.

वकीलबाई आमच्याच कॉलनीत राहतात, मुलीने त्यांना शोधून काढलं. त्यांचं बोलणं डॉक्टरांपेक्षा सोपं होतं. निकाल वाईट लागला म्हणजे डॉक्टरची चूक झाली, असं कायदा मानत नाही. काळजीने काम करणारा दुसरा डॉक्टर त्या जागी कसा वागला असता, ते बघतात, आणि ते सांगायला दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. तक्रार ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. डॉक्टरांच्या राज्य परिषदेकडे वेगळी करता येते. पोलिसांकडे गेलात तर तेही आधी डॉक्टरांच्या मंडळाचं मत मागतील. "लेकिन सर," त्या म्हणाल्या, "पूरा केस इस एक लाइन पे अटकेगा. चार चालीस."

माझ्या मोबाईलचं त्या दिवसाचं ठिकाण कंपनीकडून मागवता येतं, आयोगाने सांगितलं तर त्यांना द्यावं लागतं, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे चार चाळीसला मी चारबागला होतो हे कदाचित एखादा टॉवर सांगेल. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कागदावरचे शेवटचे शब्द पुन्हा वाचले. नॉर्मलचाच आग्रह धरला. हे कुणी बसून रचलेलं वाक्य नव्हतं. हे मी बोललो होतो. तो माणूस कुठून आला ते मला तेव्हा कळलं. सकाळी अकराला मीच त्याला काउंटरवर सोडून चहा प्यायला गेलो होतो. त्यांनी फक्त त्याला वरच्या मजल्यावर नेऊन उभं केलं.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. एरवी माझ्या पोटात विनोद एक तास टिकत नाही. हा मेपर्यंत टिकला.

तेवढ्या काळात कोपर वाकायला लागलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एकदा दुपारी बाळाने मूठ तोंडाकडे नेली, अर्ध्यावर आणली, आणि ती खाली पडली. आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. दुसऱ्यांदा ती ओठांपर्यंत पोचली. खांदा अजून उचलत नाही. सर्जन म्हणतात, थांबू, बघू.

मे महिन्यात वकीलबाई प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायला घरीच आल्या. लॅपटॉप टेबलावर, कूलरचा आवाज. मुलगी सोफ्यावर बाळाच्या हाताचे व्यायाम घेत होती, दंड वर, बाजूला, खाली, मोजत. मी सांगत होतो, वकीलबाई टाइप करत होत्या. दुपारी दोनला स्टेशनवर गेलो. सहानंतर गाडी आली. फॉर्मवर सकाळीच, ते कोरे असताना, सह्या केल्या, तारीख न टाकता. हे सांगताना माझे कान तापले. ऑफिसात कुणाला कळलं तर माझ्या सहीबद्दल पुन्हा कुणी बोलणार नाही.

"बस," वकीलबाई म्हणाल्या. "और कुछ?"

मुलीचं मोजणं थांबलं नव्हतं. सात. आठ.

मी म्हणालो, "एक और बात है." आणि सकाळी अकराचं सगळं सांगितलं, वाक्यासकट.

वकीलबाईंनी हात कीबोर्डवरून उचलले. "सर, ये किसी ने नहीं पूछा है. सुबह की बात है. इसकी ज़रूरत क्या है? सामने वाला वकील इसी को पकड़ेगा."

"पकड़ने दीजिए," मी म्हणालो. "बोला तो था मैंने."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी क्षणभर मागे वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

"मुझे मालूम है," मुलगी म्हणाली. तिने बाळाचा हात अलगद खाली ठेवला. "मैं पीछे व्हीलचेयर पर ही तो बैठी थी, पापा. आपने मुड़कर देखा ही नहीं. मुझे दर्द हो रहा था और सब हँस रहे थे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"देख रही थी, आप बोलते हो कि नहीं."

मग ती वकीलबाईंकडे वळली. "ये भी लिखिए. और लिखिए कि हँसते हुए बोला था."

"उससे क्या होगा?"

"मज़ाक़ में बोली हुई बात मना करना नहीं होता. किसी ने इनको कुछ समझाया ही नहीं था, तो ये मना किस चीज़ को करते?"

वकीलबाईंनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि कागद पुन्हा पुढे ओढला. चार चाळीसची ओळ, खाली सही, आणि आणखी खाली कोरी जागा. "एक मिनट. मरीज़ तो तुम थीं. बालिग़ हो, होश में थीं. इस पर तुम्हारा साइन कहीं नहीं है."

"मुझसे पूछा ही नहीं."

"यही असली बात है," त्या म्हणाल्या आणि भराभर टाइप करू लागल्या. "मरीज़ से ख़ुद नहीं पूछा गया. किसने नहीं पूछा, लिख दूँ? डॉक्टर ने?"

"दोनों का लिखिए."

"दोनों मतलब?"

"हॉस्पिटल," मुलगी म्हणाली, "और पापा."

वकीलबाई माझ्याकडे बघत थांबल्या.

"लिखिए," मी म्हणालो.